दाद मागण्याचे धैर्य : हालींची ‘बेवा’ आणि हरिभाऊंची यमू

पानिपतच्या तिसऱ्या युद्धातील हानी मराठी लोकस्मृतीने एका वेगळ्याच मापाने मोजून ठेवली आहे. ‘लाख बांगडी फुटली’ या शब्दप्रयोगात गणना आहे ती रणात पडलेल्या पुरुषांची; मोजण्याचे साधन मात्र त्यांच्या मागे राहिलेल्या स्त्रियांच्या हातांवरचे आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवसाविषयी बखरींपासून विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीपर्यंत मराठीत विपुल लेखन झाले. सरदारांमधील हेवेदावे, रसदीची कोंडी, भाऊसाहेबांचा स्वभाव यांची चर्चा अद्याप संपलेली नाही. ज्यांच्या बांगड्या फुटल्या त्या स्त्रिया मात्र या वाङ्मयात बहुधा त्या एका आकड्यापुरत्याच येतात. ठळक अपवाद पार्वतीबाईंचा. सदाशिवरावभाऊंबरोबर त्या मोहिमेवर होत्या, रणधुमाळीतून जिवंत परतल्या, आणि पतीच्या मृत्यूची वार्ता न स्वीकारता १७८३ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. बावीस वर्षांच्या या नकाराला पेशवे घराण्यातील स्थानाचे पाठबळ होते. सामान्य घरातील स्त्रीला तो परवडला नसता. परंतु इतिहासाने पार्वतीबाईंचे वर्तन नोंदवले, त्यांचे बोलणे नोंदवले नाही. भाऊंच्या तोतयाचे प्रकरण १७७६ मध्ये त्याच्या देहदंडाने मिटले आणि पुढे न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ (१९१३) हे नाटक रचले. ज्या स्त्रीचे सौभाग्य या वादाच्या मध्यभागी होते, तिने आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडायचे, हा प्रश्न मात्र कोणाला फारसा पडलेला दिसत नाही.

मराठी वाचकाला अपरिचित असलेले आणखी एक पानिपत आहे. ख्वाजा अल्ताफ हुसेन ‘हाली’ (१८३७–१९१४) या उर्दू कवीचा जन्म त्या गावी झाला, मृत्यूही तेथेच झाला आणि बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. गालिबचे शिष्य, ‘मुसद्दस’ (१८७९) या दीर्घकाव्याचे कर्ते आणि आधुनिक उर्दू समीक्षेचे एक आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे स्थान निर्विवाद आहे. १८८४ मध्ये त्यांनी ‘मुनाजाते बेवा’ हे काव्य प्रसिद्ध केले. बालपणी विवाह होऊन, संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच विधवा झालेली एक तरुणी त्यात ईश्वराशी बोलते. मराठ्यांच्या पराभवाशी या काव्याचा काही संबंध नाही. त्यात १७६१ चा मागमूसही नाही. तथापि विधवांच्या संख्येसाठी मराठी स्मृतीत राहिलेल्या गावातून विधवेचा आवाज काव्यरूपाने उमटावा, आणि पाठोपाठ पुण्यात हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूने आपली कहाणी स्वतः लिहावी, ही समांतरता तौलनिक अभ्यासाला आवाहन करणारी आहे. येथे प्रभावाचा शोध अभिप्रेत नाही. हरिभाऊंनी हाली वाचले असावेत असे मानण्यास आधार नाही, आणि हालींना मराठी येत नव्हते. एकाच जुलमाखाली वावरणाऱ्या दोन तरुण नायिकांचे धैर्य कोणत्या निकषावर जोखायचे, एवढाच प्रश्न आहे.

मराठी समीक्षेने यमूला जो निकष लावला तो प्रायः बंडाचा आहे. यमू सोसते, रडते, पण उलटून उभी राहत नाही. म्हणून ती करुण नायिका ठरते, धैर्यशील ठरत नाही. हा निकष पाश्चात्त्य कादंबरीच्या वाचनातून आला की विसाव्या शतकातील चळवळींतून, हा वेगळा प्रश्न आहे. त्याच्या आहारी गेल्यामुळे एक गोष्ट नजरेआड झाली : सोसणारी व्यक्ती जेव्हा बोलते तेव्हा ती कोणाशी बोलते हेही तिच्या धैर्याचे परिमाण असते. ‘दाद’ हा फारसीतून मराठीत आणि उर्दूत आलेला शब्द येथे उपयोगी पडतो. न्याय हा त्याचा मूळ अर्थ. मराठीने तो ‘दाद मागणे’, ‘दाद लागणे’, ‘दाद न घेणे’ अशा प्रयोगांत जपला आणि दाद-फिर्यादीच्या कागदपत्रांतून घरोघरी पोहोचवला; रसिकाची वाहवा हा अर्थ दोन्ही भाषांत त्याच्या शेजारी येऊन बसला. दाद मागायची तर तीन गोष्टी लागतात : मागणारा, ज्याच्याविरुद्ध मागायची तो, आणि ज्याच्यापुढे मागायची तो. विधवेच्या बाबतीत दुसरा आणि तिसरा पुष्कळदा एकच असतो. ज्या घराने शिक्षा दिली त्याच घराकडे न्याय मागावा लागतो. या कोंडीतून हालींची नायिका आणि हरिभाऊंची नायिका वेगवेगळ्या वाटांनी बाहेर पडतात.

‘मुनाजात’ म्हणजे एकांतात ईश्वराला केलेली विनवणी. हालींनी या भक्तिपर प्रकारात फिर्यादीचा आशय भरला. आरंभी विधवा ईश्वराला अनेक संबोधनांनी आळविते. त्यांत त्याच्या सामर्थ्याचा आणि सत्तेचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, आणि ती स्वतःला त्याच्या दारातील याचक म्हणविते. वरवर पाहता हा स्तुतीचा संकेत आहे. पण फिर्यादीच्या दृष्टीने वाचले असता त्यात अधिकारकक्षेची निश्चिती दिसते. घरातील कर्त्या पुरुषाच्या वर, पंचांच्या वर, मौलवी आणि पंडितांच्या वर जी सत्ता आहे तिच्यापुढे हे प्रकरण मांडले जात आहे, असे ती प्रारंभीच सांगून ठेवते. खालच्या दरबारांत दाद लागणार नाही हे तिने न बोलता गृहीत धरले आहे. अर्जातील नम्रता आणि अर्जाची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या काव्यातील धैर्य दुसऱ्या गोष्टीत आहे.

आणि अर्जात ती जे सांगते त्यातही. सणासुदीला आणि पावसाळ्याच्या दिवसांत भोवती आनंद असता आपल्या वाट्याला येणारे एकटेपण, प्रत्येक हालचालीवर असलेली लोकांची नजर, अब्रूची अखंड धास्ती यांचे वर्णन तत्कालीन सुधारणावादी गद्यातही सापडते. त्या गद्यात सहसा न सापडणारी गोष्ट म्हणजे स्वतःच्या मनाशी चाललेल्या झगड्याचा उच्चार. तारुण्याला ओढ असते, मन ऐकत नाही, आणि ते आवरून धरण्यात आयुष्य खर्ची पडते, हे ती ईश्वराला सांगते. हे सांगण्यासाठी दुसरा श्रोता तिला मिळणे शक्य नव्हते. आईलाही ते सांगता आले नसते. प्रार्थनेच्या चौकटीने तिला जी मोकळीक दिली ती त्या काळच्या कुठल्याही सामाजिक संभाषणाने दिली नसती. मराठीत विधवेच्या मनाचा हा भाग बोलून दाखवायला बराच काळ जावा लागला. यमूदेखील त्याबाबत मूक आहे.

काव्याची भाषाही याच कारणासाठी लक्षणीय ठरते. फारसी समासांचे ओझे उतरवून हालींनी घरात बोलली जाणारी, देशी शब्दांनी भरलेली सोपी बोली वापरली. कवीची बहुश्रुतता तिच्यात जाणवू नये इतकी ती साधी आहे. या नायिकेला धर्माचे लेबल लावण्याचा अभ्यासकांचा मोहही तपासून घेण्याजोगा आहे. विधवाविवाहास बंदी ही उच्चवर्णीय हिंदूंची रूढी म्हणून हे काव्य हिंदू विधवेचे मानले जाते. पण उत्तर भारतातील ‘शरीफ’ मुसलमान घराण्यांतही विधवेचा पुनर्विवाह कमीपणाचा समजला जात असे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सय्यद अहमद बरेलवी यांच्या अनुयायांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली होती. इस्लामने ज्याला मुभा दिली त्याला घराण्याच्या प्रतिष्ठेने मनाई केली होती. म्हणून हालींच्या विधवेची तक्रार शास्त्राविरुद्ध जात नाही, रिवाजाविरुद्ध जाते. महाराष्ट्रात वाद वेगळ्या पातळीवर लढवला गेला. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिल्यावरही १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ करावा लागला. कायदा एकीकडे आणि घरातला हुकूम दुसरीकडे, अशा स्थितीत स्त्रीवर प्रत्यक्ष राज्य कोणाचे होते, याचे उत्तर या दोन्ही कृती एकच देतात.

या काव्याची मर्यादाही येथेच आहे. त्याच्या नायिकेला नाव नाही. तिला सासू नाही, दीर नाही, शेजारीण नाही. जुलूम करणारा ‘रिवाज’ आहे. पण रिवाज म्हणजे कोण, हे विचारले तर बोट दाखवायला कोणी सापडत नाही. शेवटी विधवा ईश्वराच्या प्रेमानेच आपले मन भरून जावे अशी याचना करते, आणि फिर्याद पुन्हा भक्तीत विरघळते. प्रकरण वरच्या दरबारी दाखल झाले, पण आरोपीचे नाव लिहायचे राहिले.

हरिभाऊंनी नेमकी तीच जागा भरून काढली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊन १८९३ मध्ये पूर्ण झाली. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊ ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणत, आणि हे नाव येथे अक्षरशः सार्थ आहे. यमू माणसांची नावे घेते. कोण काय बोलले, कोणत्या खोलीत बोलले, त्या वेळी आई काय करीत होती, दुर्गीच्या नवऱ्याने तिचे काय हाल केले, हे ती बारकाव्यांनिशी सांगते. घर ही एक राज्यव्यवस्था आहे आणि तिच्यात हुकूम, हेर, कारस्थान, शिक्षा हे सर्व आहे, याची जाण तिच्या निवेदनातून उलगडत जाते. शंकरमामंजी हे या व्यवस्थेचे सर्वांत ओळखीचे रूप. बाहेर धर्माचा आव आणि आत स्वार्थ अशा या माणसाच्या कपटाने यमूचे तिच्या इच्छेविरुद्ध केशवपन होते, आणि मराठी वाचकाच्या मनावर या प्रसंगाने केलेला व्रण अजून पुसलेला नाही. हा प्रसंग करुणरसाचा नमुना म्हणून वारंवार उद्धृत केला गेला. साक्षीदाराची जबानी म्हणून तो क्वचितच वाचला गेला आहे. जिच्यावर बळजोरी झाली तीच ती कोणी केली हे लिहून ठेवते. तत्कालीन पुण्याच्या ब्राह्मणी वस्तीत हे लिहिणे म्हणजे घराच्या भिंती पाडणे होते.

यमूचे मुंबईतील दिवस या संदर्भात पुन्हा पाहावे लागतात. पती रघुनाथराव तिला वाचायला शिकवतात, आणि मुंबईत तिला थोडा मोकळा श्वास घेता येतो. समीक्षकांनी या भागाला सुखाचा विसावा मानले, काहींना तो प्रचारकी वाटला. कथनाच्या दृष्टीने त्याचे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. लिहिता-वाचता येण्याने तिला श्रोता बदलता येतो. हालींची बेवा आपली कैफियत मनातल्या मनात बोलते. यमू ती कागदावर उतरवते. कागद घरातून बाहेर जातो, छापखान्यात जातो, दर आठवड्याला अनोळखी माणसांच्या हातात पडतो. कादंबरीच्या शीर्षकातील प्रश्न या अनोळखी माणसांना विचारलेला आहे. ‘लक्षात घेणे’ आणि ‘दाद घेणे’ यांत येथे फारसे अंतर उरत नाही. प्रश्नार्थक शीर्षकात हताशा आहे असे मानण्याची प्रथा आहे, परंतु कोणी ऐकणार नाही अशी खात्री असणाऱ्याने एवढी दीर्घ जबानी लिहिली नसती.

हाली आणि हरिभाऊ या दोघांनी स्त्रीचा आवाज उसना घेतला, ही अडचण दुर्लक्षिता येणार नाही. हरिभाऊंच्या साहित्यस्नेहात काशीबाई कानिटकरांसारखी लेखिका होती, आणि यमूच्या घरगुती बोलीची अस्सलता अशा सहवासाशिवाय समजावून घेणे कठीण आहे. तरीही पुरुषाने लिहिलेली स्त्रीची फिर्याद आणि स्त्रीने स्वतः केलेली फिर्याद यांत फरक राहतोच. तो मोजायचा तर मराठीतील एक फार लहान लेखन समोर ठेवावे लागते. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय मांगमहारांच्या दुःखाचा. पेशवाईतील अत्याचार ती स्थळांची नावे घेऊन सांगते, आणि वेद ज्यांना वाचायची मनाई आहे त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न थेट ईश्वरापुढे टाकते. पानिपतवर धारातीर्थी पडलेली पेशवाई ज्या मराठी स्मृतीत वैभवाचे शिखर आहे, त्याच पेशवाईविरुद्ध शाळकरी मुलीने मांडलेली ही दाद तौलनिक अभ्यासात अधिक वेळा यायला हवी. तिचा श्रोता हालींच्या विधवेप्रमाणे ईश्वर आहे आणि यमूप्रमाणे वृत्तपत्राचा वाचकही. दोन्ही दरबार तिने एकाच वेळी गाठले, हालींच्या काव्याच्या एकोणतीस वर्षे आधी. आरोपीचे नाव घेण्यातही ती कचरली नाही.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकाने तिसरा मार्ग चोखाळला. सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती काळ्या पाण्यात बदलली. त्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाईंनी आरोपींनाच समोर उभे करून त्यांची उलटतपासणी घेतली. न्यायाधीश कोणी नेमलेला नाही. पुरुषांना उद्देशून पुरुषांविरुद्ध बोलणे आहे. याची किंमत त्यांना मोजावी लागली. जोतीरावांसारखा अपवाद वगळता त्यांची दाद कोणी घेतली नाही, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करीपर्यंत पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. रुखमाबाईंचे प्रकरण तर सरकारी न्यायालयातच गेले. बालपणी झालेल्या विवाहातील पतीकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये नांदायला जा अन्यथा सहा महिने तुरुंगवास, असा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने इंग्रजी वृत्तपत्रात छापून आलेली त्यांची पत्रे हा यमूच्या जबानीचा प्रत्यक्षातील पूर्वावतार म्हणता येईल. रुखमाबाई आणि हरिभाऊ यांचा जन्म एकाच वर्षी, १८६४ मध्ये झाला, ही नोंद केवळ योगायोग म्हणून करावी. पण ‘करमणुकी’चा वाचक यमूच्या कथेकडे वळला तेव्हा घर आणि सरकार कसे हातात हात घालतात हे त्याने नुकतेच वाचले होते, हा योगायोग नव्हता.

हालींच्या लेखनक्रमात या दृष्टीने एक विचित्र वळण दिसते. त्यांच्या ‘मजालिसुन्निसा’ (१८७४) या गद्यकृतीत जुबेदा खातून ही सुशिक्षित, कर्तबगार नायिका आहे. तिची कथा बायकांच्या बैठकीत, बायकांच्या बोलीत सांगितली जाते. सरकारने या पुस्तकाला चारशे रुपयांचे पारितोषिक दिले आणि ते मुलींच्या शाळांतून लावले गेले. जुबेदाकडे गुण पुष्कळ आहेत, तक्रार नाही; पारितोषिक मिळण्यात याचाही वाटा असावा. दहा वर्षांनी ‘मुनाजाते बेवा’त तक्रार आली आणि ती स्त्रीच्या तोंडी आली. पुढे १९०५ मध्ये अलीगढच्या ‘खातून’ मासिकात ‘चुप की दाद’ ही कविता प्रसिद्ध झाली. तिच्यात कवी आई, बहीण, लेक यांना उद्देशून बोलतो, त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायांची यादी वाचतो, आणि त्यांनी मुकाट्याने सोसले याची आता दाद लागेल असे आश्वासन देतो. सुधारणेच्या इतिहासात या कवितेचे स्थान मोठे आहे. काव्य म्हणून मात्र तिने १८८४ मध्ये दिलेली एक गोष्ट परत घेतली. बेवा बोलत होती. येथे स्त्रिया ऐकत आहेत. शीर्षकातील ‘दाद’ न्यायाकडून वाहवेकडे सरकली आहे, आणि वाहवा मिळते ती मौनाला.

स्त्रीने स्वतः बोलण्याची वेळ पानिपतात त्याच घराण्यातून आली. हालींच्या घराण्यातील सालिहा आबिद हुसेन (१९१३–१९८८) उर्दूतील कादंबरीकार झाल्या, आणि हालींचे चरित्रही त्यांनी लिहिले. १९४७ नंतर पानिपतची बहुतेक मुस्लिम वस्ती पाकिस्तानात गेली. सालिहा दिल्लीत राहून लिहीत राहिल्या. महाराष्ट्रात, ‘पण लक्षात कोण घेतो?’ पूर्ण झाली त्याच वर्षी, मार्च १८९३ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि मुरूडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंनी, म्हणजेच आनंदीबाई कर्वे यांनी, आपली हकिगत पुढे ‘माझे पुराण’ (१९४४) या आत्मकथनात सांगितली. तिच्यात आळवणी नाही आणि शीर्षकातला प्रश्नही नाही. गाव, माणसे, उपासतापास, कोणी पाण्याला शिवू दिले नाही आणि कोणी दिले, हे त्या एखाद्या जुन्या हिशेबाच्या वहीतून वाचून दाखवावे तशा सांगत जातात, आणि ऐकणाऱ्याकडे काहीच मागत नाहीत.